डावखुऱ्याचे ताड

बुच्चय्या गौड गेला तो ऐन हंगामात. माघ सरत आला होता, तळ्याखालच्या रानात ताडांच्या फुलोऱ्याच्या पोया पाझरू लागल्या होत्या आणि त्याच्या सातही झाडांना त्या वर्षी भरघोस धार होती. सकाळची छेवणी, पोयांच्या टोकांची कापणी, उरकून तो घरी आला, अंगणातल्या बाजेवर भिंतीला टेकून बसला आणि त्याने सुनेकडे पाणी मागितले. कनकव्वा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. फक्त पाण्यासाठी पुढे केलेला हात मांडीवर उतरला होता. तिने दोनदा 'मामा' म्हणून हाक मारली. मग तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या कमरेचा कातडी पट्टा कोयतीसकट सोडायला घेतला, कारण पट्टा कमरेला असताना माणसाला आडवे निजवता येत नाही. गाठ घट्ट होती. ती सुटेपर्यंत तिला रडू आले नाही.

तिचा नवरा भिक्षपती तेव्हा तळ्यावर मडकी धूत होता. कुणीतरी त्याला हाक मारायला धावले. तो लंगडत आला तो हातातले ओले मडके तसेच घेऊन, आणि ते कुठे ठेवावे हे त्याला बराच वेळ उमगले नाही.

बाप चढतो आणि मुलगा मडकी धुतो, हे त्या घराचे उलटे गणित साऱ्या गावाला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी भिक्षपतीचा मोकू, म्हणजे खोडाभोवती आणि पाठीभोवती घेतात तो जाड दोर, निम्म्या उंचीवर सटकला. कंबरेचे हाड सांधले, पाय थोडा आखडला. पण खोडाला हात लावला की त्याच्या पोटऱ्या थरथरू लागत आणि तळव्यांना घाम सुटे. बुच्चय्याने तोवर झाडे मुलाच्या हवाली केली होती, मोकू खुंटीला टांगला होता. त्याने एके सकाळी तो खाली काढला, तेल लावून मऊ केला आणि तळ्याची वाट धरली. पासष्टी उलटलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर खोडाच्या घासण्याने पुन्हा घट्टे पडू लागले.

लोक बोलायचे. एकदा कुणीतरी भिक्षपतीने धुऊन पालथ्या घातलेल्या मडक्यांवर हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवल्या. कोणी ठेवल्या हे प्रत्येकाला माहीत होते आणि कोणीच सांगत नव्हते. बुच्चय्याने त्या उचलल्या, हाताचा पंजा आवळून एकेक करत स्वतःच्या डाव्या मनगटात चढवल्या आणि तसाच झाडावर गेला. त्या दिवशी त्याने प्रत्येकाच्या द्रोणात ताडी ओतली ती त्याच हाताने, बांगड्या किणकिणवत. पिणाऱ्यांना घोट गिळणे जड गेले. "चढून न पडणारे इथे सगळेच आहेत," तो एवढेच म्हणाला होता, "पडून पुन्हा उठलेला माझा एकटाच आहे."

*

तिसऱ्या दिवशी बांधावर पानात भात, उकडलेली अंडी, तळलेला मासा आणि द्रोणभर ताडी ठेवली. माणसे चार पावले मागे सरली नाहीत तोच कावळा उतरला, आणि भाताला न शिवता त्याने थेट द्रोणात चोच घातली. ओदेलू धनगर, जो बुच्चय्याच्या झाडाखाली उभी हयात पीत आला होता, म्हणाला की म्हातारा जिवंतपणी कधी ताटकळला नाही, आता कशाला थांबेल. बायकांतही हसू फुटले आणि त्या हसण्याचेच पुढे रडे झाले.

सुतकातल्या घराने दिवस होईपर्यंत झाडाला शिवायचे नाही. ताड मात्र दुभत्या म्हशीसारखा असतो. सकाळ-संध्याकाळ पोयीच्या टोकाचा पातळ काप काढला नाही तर कापलेले तोंड सुकते आणि झाड त्या वर्षापुरते आटते. म्हणून त्या गावच्या ताडी काढणाऱ्या गौडांची रीत होती, की मेलेल्याची झाडे बाकीच्यांनी राखायची. मात्र त्यांची ताडी विकायची नाही. झाडाखाली येईल त्याने ती फुकट प्यायची आणि पिण्याआधी गेलेल्याविषयी चार शब्द बोलायचे. दिवस झाल्यावर घरातला चढणारा पुरुष पुढे येतो आणि झाडे त्याच्याकडे जातात. असा पुरुष नसेल, तर गौडांचा म्होरक्या ती दुसऱ्याच्या नावावर करतो.

हे दुसरे कलम कोणी बोलून दाखवत नव्हते. म्होरक्या यादगिरीतात्या भला माणूस होता. तो घरी येऊन बसला, तंबाखू मळली, दिवसांचे सामान कुठून आणायचे हे बोलला आणि उठताना भिक्षपतीच्या पायाकडे क्षणभर पाहून नजर वळवून गेला. कनकव्वाने ते पाहिले. लग्न होऊन ती या घरात आली त्याला वीस वर्षे झाली होती. तळ्याखालच्या त्या सात झाडांखाली पिवळ्या पडलेल्या ताडपानांवर बसून ताडी ओतणे, चण्यांचे पान पुढे सरकवणे, आगाऊपणा करणाऱ्याला शब्दात पकडणे हेच तिचे आयुष्य होते. झाडे गेली तर दुसऱ्याच्या कापसात बोंडे वेचायला जावे लागले असते, आणि नवऱ्याने दुसऱ्याची मडकी धुतली असती. बापाची धुणे वेगळे. ती कल्पना तिला करवेना.

झाडे राखायला सायिलू पुढे झाला. तो बुच्चय्याचा चुलतभाऊ, त्याच्याच बरोबरीने चढायला शिकलेला. नजर अधू झाली होती तरी हात हुकत नव्हता. दुसऱ्या कुणाला त्याने मोकू लावू दिला नाही. स्वतःची झाडे उरकून, घामाने भिजलेल्या अंगानेच तो बुच्चय्याच्या झाडांवर जायचा, आणि वर गेला की त्याचे बोलणे खाली ऐकू यायचे. झाडाशी बोलतो की मेलेल्याशी, हे कळत नसे.

पहिले काही दिवस गर्दी झाली. न्हावी आला, वडार आले, पलीकडच्या गावातून एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या बाळंतपणात दूध नव्हते तेव्हा बुच्चय्याने पहाटेची ताजी गोड ताडी कोणाला न विकता रोज तिच्या दाराशी नेऊन ठेवली होती, असे तिने सांगितले, आणि द्रोण तोंडाला लावला. बुच्चय्या सगळी कामे डाव्या हाताने करी, यावरून जुने विनोद निघाले. मुलगी पाहायला गेला तेव्हा त्याने विडा डाव्या हाताने घेतला म्हणून सासरा चिडला होता म्हणे. तेव्हा बुच्चय्या म्हणाला होता, की देवाने बाकीच्यांना उजवा हात वाटून दिला आणि उरलेले सगळे मला दिले. कनकव्वा ओतत होती, ऐकत होती. आपण ज्याला रोज भाकरी वाढली तो माणूस एवढा मोठा होता, हे तिला नवे नव्हते. पण ते इतक्या लोकांना माहीत होते हे नवे होते.

*

मग धार कमी होऊ लागली. आधी मडकी गळ्यापर्यंत भरून येत, ती पोटापर्यंत आली. एका झाडाचे मडके तर उतरले तेव्हा तळाशी ओंजळभर रस आणि त्यात मेलेल्या माशा होत्या. सायिलू ते मडके हातात घेऊन बराच वेळ आत पाहत राहिला.

झाडालाही सुतक असते, असे ओदेलू म्हणाला. सगळ्यांना ते पटले. मालक गेल्यावर बैल चारा सोडतो, मग ताडाने का सोडू नये. न्हाव्याने बुंध्याला हात लावून डोळे पुसले. सायिलूला मात्र त्या बोलण्याने बरे वाटले नाही; तो दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आला आणि आणखी वेळ वर राहिला.

भिक्षपती त्या दिवसांत झाडांपासून थोडा दूर, बांधाच्या उतारावर बसून असायचा. डोके भादरलेले, खांद्यावर धुवट पंचा. सुतकात त्याला मडकीही धुवायची नव्हती, त्यामुळे हातांना काही काम नव्हते. कनकव्वाने पाहिले, की माणसे पांगली की तो उठतो, बुंध्याशी पडलेले पोयीचे काप गोळा करतो आणि मांडीवर ओळीने मांडतो. कागदासारखे पातळ, कडेला तांबूस झालेले. तो एकेक उचलून उजेडाकडे धरी, दोन बोटांत फिरवी आणि परत ठेवी. 

संध्याकाळी जेवताना त्याने स्वतःच सांगितले. ताटात ज्वारीची भाकरी आणि चिंचेचे पातळ सार होते. सुतकाचे जेवण अळणी, त्यामुळे दोघांनाही ते घशाखाली ढकलावे लागत होते.

"झाडाला सुतक-बितक काही नाही," तो म्हणाला. "सायिलूकाका उजव्या हातानं छेवतोय."

कनकव्वाचा घास हातातच राहिला.

त्याने बोटाने ताटाच्या कडेवर रेघ ओढून दाखवली. बापाचा काप डावीकडे उतरता असायचा, त्या उतारावरून रस थेंबथेंब मडक्यात पडायचा. पोया बांधल्या होत्या त्याच बेताने, मडकी टांगली होती त्याच बाजूला. आता काप उलटा उतरतो. रस मडक्यात पडण्याऐवजी पोयीच्या अंगावरून मागे ओघळतो, तिथे मुंग्या लागतात, साल कुजते. सायिलूला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचा हात आयुष्यभर तसाच चाललेला. अख्ख्या गावात डाव्याने छेवणारा बाप एकटा होता.

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? आमच्या बापासाठी तू जीव टाकतोस आणि झाडं तूच मारतोस, असं?" तो हात धुवायला उठला. "आणि सांगून करायचं काय? उजव्या हाताला डावा काप येत नाही. दिवस होईपर्यंत पोया जातील. मग झाडं कुणाला का मिळेनात."

तो हे डाव्या हाताने पाणी घेत बोलला. कनकव्वाने त्या हाताकडे पाहिले आणि पटकन नजर ताटात वळवली, कारण त्याने आपली नजर पाहू नये असे तिला वाटले.

जेवायला उजवा, पण कोयती, विळा, कुऱ्हाड, सगळे काही भिक्षपतीही डाव्यानेच धरी. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्या हातावर छड्या मारल्या, तेव्हा बुच्चय्या शाळेत गेला होता आणि मास्तरांना नमस्कार करून मुलाला घरी घेऊन आला होता.

तिच्या ओठांवर एक शब्द आला होता, आणि तो शब्द न बोलण्याचे तिने बुच्चय्याला कबूल केले होते. भिक्षपती पडला त्याच्या पुढच्या हंगामात, घरात दाणे कमी आणि टोमणे जास्त झाले होते तेव्हा, ती एकदा नवऱ्याला टोचून बोलली होती. बुच्चय्याने तिला चुलीपाशी गाठले होते. रागावला नव्हता. उकिडवा बसून त्याने शेणी सारखी केली आणि म्हणाला, "पोरी, त्याला 'चढ' म्हणू नकोस. कोणीच म्हणू नये. त्याचे पाय म्हणतील तेव्हा तो चढेल. नाही म्हणाले, तर मी आहेच की."

'मी आहेच की' म्हणणारा आता नव्हता. कबुली तेवढी उरली होती. त्या कबुलीचा तिला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सायिलू पहिल्या झाडावरून उतरला तेव्हा त्याच्या मडक्यात तळ झाकण्यापुरताही रस नव्हता. ओदेलू, न्हावी, यादगिरीतात्या आणि आणखी दोघे-तिघे गौड झाडाखाली बसले होते. सायिलूने कोणाकडे न पाहता मडके पालथे घातले आणि बुंध्याला पाठ लावून बसला. त्याच्या छातीवर खरचटून रक्त आले होते.

"हे झाड मला नको म्हणतंय," तो म्हणाला.  "भावाची झाडं राखता आली नाहीत मला. काय तोंड दाखवू मी त्याला?"

कनकव्वाला ते पाहवले नाही. पुढे जाऊन तिने चार द्रोण उगाचच सरळ केले आणि मग, मान खाली घालूनच, म्हणाली की दोष झाडाचा नाही आणि सायिलूमामाच्या हाताचाही नाही. हात उजवा आहे एवढेच. रात्री नवऱ्याने ताटाच्या कडेवर दाखवले तसे तिने जमिनीवर काडीने दाखवले. बोलताना तिच्या मनात फक्त एवढेच होते, की या म्हाताऱ्याने स्वतःला खाऊ नये.

सायिलूने काडीची रेघ पाहिली. स्वतःचा उजवा हात पाहिला. मग डावा हात वर करून हवेत कोयती चालवल्यासारखा फिरवला, आणि आधी त्याच्या नाकातून आणि मग पोटातून हसू बाहेर आले. उभं आयुष्य त्या डावऱ्याशेजारी चढलो, तो म्हणाला, वरून एकमेकांना शिव्या दिल्या, आणि मेल्यावर त्याचा हात विसरलो. "गाढव मी. आणि तुम्ही सगळे त्याहून. झाडाला सुतक म्हणे."

ओदेलूही हसला. न्हावी हसला. हसणे ओसरले. भिक्षपती बसला होता त्या बांधाच्या उताराकडे माणसे पाहत नव्हती. न पाहण्याचा प्रत्येकाचा प्रयत्न इतका उघड होता, की कनकव्वाने हातातली काडी टाकून दिली. तो शब्द तिने उच्चारला नव्हता. पण आता तो सगळ्यांच्या मधोमध, पालथ्या मडक्याशेजारी येऊन बसला होता.

भिक्षपती उठून आला होता. केव्हा आला ते कळले नाही. त्याने सायिलूपुढे हात केला, आणि सायिलूने कमरेचा पट्टा सोडून दिला.

"सुतक आहे रे," यादगिरीतात्या हळू म्हणाला. "दिवस व्हायचेत. झाडांच्या देवीला काय सांगायचं?"

उत्तर सायिलूने दिले. "तात्या, ताडी विकतोय का तो? ही झाडं अजून बुच्चय्याची. पोरगा बापाचं राहिलेलं काम करतोय. खांदा दिला तेव्हा नाही अडवलंत."

यादगिरीतात्याने तंबाखू तोंडात टाकली. बोलता येणार नाही इतकी.

चढणाऱ्याच्या बायकोने वर पाहायचे नसते. नजरेचे वजन पायाला लागते म्हणतात. कनकव्वा झाडाकडे पाठ करून बसली, गुडघ्यांभोवती हात आवळून. समोर तळ्याचे पाणी होते आणि त्यात बगळे होते. मागे दोर खोडाभोवती फेकल्याचा आवाज आला, पायांतला फास ताणल्याचा आला. मग घासण्याचा: दोर वर सरकतो, श्वास, पाय वर येतात, श्वास. हा आवाज ती झोपेतही ओळखत होती. आखडलेल्या पायामुळे त्याला एक वेगळी अडखळ होती, दोन घासण्यांमध्ये जरा जास्त जागा. तिने मोजायचे नाही असे ठरवले.

आणि आवाज थांबला.

अजून शेंड्यापर्यंत पोचायला वेळ होता, हे तिला आवाजाच्या उंचीवरून कळले. निम्म्यावर असावा. जिथे दोर सटकला होता, तिथेच. वरून सालीचा भुसा तिच्या आसपास पडला, बारीक, थरथर सांडावी तसा. तिने नखे दंडात रुतवली. मागे मान वळवावी, हाक मारावी, उतरा म्हणावे, झाडे गेली तर जाऊ देत, असे सगळे तिच्या घशाशी आले.

सायिलू तिच्या शेजारी येऊन बसला. झाडाकडे पाठ करून. "बुच्चय्याच्या लग्नाची गोष्ट ठाऊक आहे का तुला?" त्याने विचारले, जरा मोठ्यानेच.

तिने तळ्याकडे पाहतच नाही म्हणून मान हलवली.

"सांगतो." मग ओदेलू उठला आणि तोही आला, तळ्याकडे तोंड करून बसला. न्हावी आला. दोघे गौड आले. शेवटी यादगिरीतात्या गुडघ्यांवर हात देत उठला आणि त्यांच्यात येऊन बसला. झाडाखाली एवढी माणसे, आणि एकाचीही नजर वर नव्हती. सगळी पाठ करून तळ्यातले बगळे पाहत होती.

सायिलू सांगू लागला. लग्न असेच ऐन हंगामात निघालेले. नवरदेवाला हळद लागलेली. हळद लागल्यावर उंबरा ओलांडायचा नसतो. पण संध्याकाळ झाली आणि छेवणीची वेळ टळायला लागली तसा हा गडी मागच्या दाराने पसार. इकडे वऱ्हाड दाराशी, वाजंत्री वाजतायत, आणि नवरदेव नाही. सासरा आधीच विड्यावरून तापलेला.

"आधीच म्हणाला होता तो, डावरा जावई नको म्हणून," ओदेलूने भर घातली.

शोधत शोधत सगळे इथे आले, सायिलू म्हणाला, ह्याच झाडाखाली. नवरीसुद्धा, मुंडावळ्या बांधलेली. वर पाहतात तो पिवळाधमक नवरदेव शेंड्याशी. त्या बाईने नवऱ्याचे तोंड पाहायच्या आधी त्याच्या पायांचे तळवे पाहिले. पुढे आयुष्यभर ऐकवायची ती. सासरा खालून ओरडला, की उतरतोस का मुलगी परत नेऊ.

सायिलू थांबला. वर दोर घासला होता. एकदा. माणसे जागची हलली नाहीत. मग पुन्हा घासला, श्वास, आणि पुन्हा. तो आवाज अडखळत, जागा घेत वर वर गेला, पानांच्या सळसळीत शिरला आणि तिथे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. ओदेलूने डोळे मिटून घेतले होते. मग पोयीवर कोयती फिरली. पातळ, तिरका, डावीकडे उतरणारा आवाज. इतक्या दिवसांत त्या झाडावर तो कोणी ऐकला नव्हता. पुन्हा फिरली.

 सायिलू पंच्याने नाक पुसत राहिला.

कनकव्वाने तळ्यावरची नजर काढली नाही. "मग?" तिने विचारले. "मामा काय म्हणाले?"

"म्हणाला," सायिलूने पंचा खांद्यावर टाकला, "'येतो. हातातलं झालं की येतो.'"